बाबांचा उजवा पाय

पौर्णिमा आली की माझं पोट दुखायचं. हे मी कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं की नवरा म्हणायचा, "ओवा खा." ओव्याने जाणारं ते दुखणं नव्हतं. पौर्णिमेला माझे बाबा, वय अठ्ठ्याहत्तर, आईला शेजारच्या सीटवर बसवायचे, दांडिया बाजारातल्या घरातून गाडी बाहेर काढायचे आणि डभोईवरून चांदोदला नर्मदेवर जायचे. पाण्यात पाय बुडवायचे, घाटावर नारळ द्यायचा, आणि परत. आमच्या बडोद्यात त्याला पूनम भरणं म्हणतात. गुजराती शेजारी आपापल्या देवाला भरतात, बाबा नर्मदेला भरायचे. गल्लीतला पानवाला त्यांना बघून ओरडायचा, "केम काका, पूनम भरवा चाल्या?" आणि बाबा उत्तरादाखल हॉर्न वाजवायचे. शहरातल्या विश्वामित्री नदीच्या अलीकडे, अकोट्यात मी फोन समोर ठेवून बसलेली असायची. 'पोचलो' असा आईचा फोन येईपर्यंत मला घोटभर चहा जायचा नाही. तो आला की जरा वेळ बरं वाटायचं. मग 'निघालो' असा दुसरा फोन यायचा आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

नवस आईसाठीच बोललेला होता. तिच्या पोटातून गाठ काढली तेव्हा बाबांनी हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून नर्मदामाईला शब्द दिला, ही बरी होऊ दे, दर पुनवेला मी स्वतः हिला तुझ्याकडे घेऊन येईन. गाठ साधी निघाली. आई बरी झाली, ठणठणीत झाली, आणि तेव्हापासून एकही पूनम चुकली नाही. 'स्वतः' या शब्दावर बाबा अडून बसलेले. मी म्हणायची, ड्रायव्हर करू, मी येते सुट्टी काढून, जावई येतील. त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "मी स्वतः म्हणालो होतो, बेटा." म्हणजे बघा, आईच्या जिवासाठी केलेला नवस, आणि त्याच नवसापायी दर महिन्याला आईचा जीव त्या रस्त्यावर. हे त्यांना दिसत कसं नाही, याचा मला इतका संताप यायचा की मी फोनवर नीट बोलतसुद्धा नसे.

आमचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोज वापरलं जातं. बाबांनी जन्मभर वीज कंपनीच्या ऑफिसात खुर्चीवर बसून नोकरी केली, पण गाडीत बसले की पाठ ताठ. कुणी मागून पुढे गेलेलं त्यांना खपत नसे, आणि कुणाच्या मागे राहणं तर त्याहून नाही. "आपण धूळ खाणारी माणसं नाही," असं म्हणायचे. आई म्हणायची, "घोडा गेला, ऐट राहिली." पण म्हणायची हळूच.

त्यांची गाडी छोटी, पांढरी, पेट्रोलची. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा घेतलेली, ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते. गाडीला त्यांनी जिवापाड जपलं, पण इंजिनचं वय लपत नाही. माझ्याकडे येताना अकोट्याचा पूल चढतानाच ती दम टाकायला लागायची. डभोईपर्यंत रस्ता रुंद आहे, तिथे मला फारशी काळजी नसे. डभोई सोडलं की चांदोदपर्यंत रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना झाडं, समोरून येणाऱ्या गाड्या, आणि मध्येच चारा नाहीतर केळी लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. तिथे पुढे जायचं म्हणजे समोरच्याच्या वाटेवर जाऊन, गाडीत जेवढा जोर असेल तेवढ्यावर परत आपल्या बाजूला यायचं. त्यासाठी बाबांचा एक विधी होता. आधी एसी बंद, कारण एसी चालू असला की त्या इंजिनचा अर्धा जीव त्यातच जायचा. मग चौथ्यातून तिसरा गियर. मग हॉर्न. मग तोंडाने एक "हं". तो "हं" ऐकला की आई डोळे मिटून "नर्मदे हर, नर्मदे हर" सुरू करायची. गाडी पुढे जाऊन आपल्या बाजूला येईपर्यंत म्हणत राहायची, आणि आली की थांबून पदराने तोंड पुसायची.

मी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. वर्गात गुजरातीत 'प्रवेग' म्हणते, घरी मराठीत 'त्वरण', आणि बाबा दोन्हीला 'पिकअप' म्हणतात. फळ्यावर त्याचं सूत्र लिहिताना माझा हात कधी थरथरला नाही. पण आईबाबांच्या गाडीत मागे बसले की मला त्वरण आईच्या तोंडून ऐकू यायचं. सुरुवातीच्या वर्षांत ट्रॉली मागे टाकायला तिला दोनचारदा म्हणावं लागायचं. अलीकडे ती म्हणतच राहायची, म्हणतच राहायची, शेवटी आवाज चिरका व्हायचा, आणि ट्रॉलीचं चाक अजून माझ्या खिडकीशीच असायचं. मी मागच्या सीटवर उजवा पाय खाली दाबून धरायची. तिथे काही नसतं हे मला माहीत होतं, तरी दाबायची.

मग आम्ही नवी गाडी घेतली. विजेवरची. माझ्या नवऱ्याने दोन वर्षं व्हिडिओ बघून बघून ती निवडली होती, आणि घरी आल्यावर पहिलं काम केलं ते बाबांना आकडे सांगण्याचं. शून्यापासून शंभरपर्यंत इतक्या सेकंदांत. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जावईबापू, कागदावर सगळेच घोडे धावतात." माझा नवरा सहसा चिडत नाही, त्या दिवशी चिडला आणि म्हणाला, चला, बघूच. दोन्ही गाड्या नेऊ. आणि बाबांना तर तेच हवं होतं.

मीसुद्धा हो म्हटलं. खरं तर मीच जास्त उत्साहाने म्हटलं. मला वाटलं होतं, एकदा त्यांना नव्या गाडीचा जोर कळला की जुनीचा अशक्तपणा आपोआप कळेल. आपण कशात बसून आईला नेतो आहोत याची त्यांना भीती वाटेल. मला त्यांना हरवायचं नव्हतं, मला त्यांना घाबरवायचं होतं. माझी एकटीची भीती मला पेलत नव्हती, तिच्यातली निम्मी त्यांनी उचलावी एवढंच मला हवं होतं.

रविवारी सकाळी आम्ही डभोई रोडवर शहराबाहेर गेलो, जिथे रस्ता सरळ आणि मोकळा मिळतो. रस्त्याकडेच्या एका देवळापासून पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत, असं ठरलं. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये घड्याळ होतं, पण बाबा म्हणाले, "घड्याळ नको, हिचं नर्मदे हर मोजा. तिचा वेग गेल्या पन्नास वर्षांत बदललेला नाही." आईने नाही म्हणून बघितलं. देवाचं नाव काय गाड्यांच्या शर्यतीला घेतात, म्हणाली. मग बसली.

आधी जुनी. बाबांनी एसी बंद केला, पहिला टाकला, क्लच सोडला, आणि गाडी अंगातलं सगळं बळ एकवटून निघाली. दुसरा, तिसरा, इंजिन ओरडतंय, मी मागे दाराची कडी धरून. पंप आला तेव्हा आईचा श्वास लागला होता. बाबा खूश. "पाहिलंस? या वयात!" हे गाडीबद्दल होतं की स्वतःबद्दल, ते मी विचारलं नाही.

मग नवी. नवऱ्याने त्यांना समजावलं की हिला क्लच नाही, गियर नाही, डाव्या पायाला काहीच काम नाही, तो मागे सीटखाली घालून ठेवा. बाबांनी मान हलवली. गाडी निघाली आणि कसलाही आवाज नाही, फक्त पाठ सीटला चिकटली. आई म्हणाली, "नर्मदे..." आणि पुढचं तोंडातच राहिलं. मी वेगाच्या आकड्याकडे बघितलं आणि पुन्हा दाराची कडी धरली. एवढ्यात बाबांच्या अंगातल्या जुन्या सवयीने उचल खाल्ली. इतका वेग झाला म्हणजे आता गियर बदलायला हवा. त्यांचा डावा पाय सीटखालून बाहेर आला आणि जिथे क्लच असतो तिथे सगळा जोर लावून दाबला गेला. तिथे क्लच नव्हता. तिथे रुंद ब्रेक होता.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. आम्ही पट्ट्यांत लटकलो. चहाचा थर्मास मागून पुढे जाऊन डॅशबोर्डवर आपटला. मागून येणारा मोटरसायकलवाला कसाबसा बाजूने निघाला आणि जाताना गुजरातीत आमच्या सगळ्या खानदानाची विचारपूस करून गेला. आईचा चेहरा कागदासारखा झाला होता. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. आणि बाबा? बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. भीती नव्हती त्यांच्या तोंडावर. लहान मुलाने पहिल्यांदा जत्रेतला पाळणा बघावा तसे दिसत होते. म्हणाले, "अजून एकदा."

दुसऱ्यांदा डावा पाय जागेवर राहिला. तिसऱ्यांदा तर ते असे चालवत होते जणू क्लच नावाची गोष्ट त्यांनी कधी पाहिलीच नाही. घरी आल्यावर त्यांनी जुन्या गाडीच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हातारी झाली ही." मला रडू आलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. मला वाटलं, पटलं यांना. माझा हेतू साधला.

त्यानंतर मी तोडगा काढला. नवस 'स्वतः' नेण्याचा आहे ना, मग स्वतः चालवा, पण आमच्या गाडीने जा. बाबांनी फार आढेवेढे घेतले नाहीत, यातच मला सगळं कळायला हवं होतं. पौर्णिमेला पहाटे मी पूल ओलांडून गाडी दांडिया बाजारात पोचवायची आणि शाळेत जायची. काही महिने असे गेले. नव्या गाडीत सहा-सहा एअरबॅग होत्या, ब्रेक चांगले, जोर भरपूर. माझं पोट दुखायचं थांबलं नाही, पण कमी झालं. आई फोनवर सांगायची, "अगं, आता मला नर्मदे हर म्हणायलाच मिळत नाही. ट्रॉली दिसते, आणि मागे जातेसुद्धा. यांना तर आता 'हं' पण म्हणावं लागत नाही." मी हसायची. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. गाड्या वर काढेपर्यंत आमची बुडाली होती, दाराच्या निम्म्यापर्यंत. वर्कशॉपवाले म्हणाले बॅटरी उघडून तपासावी लागेल, नंबर लागेल तेव्हा लागेल. दांडिया बाजारातली जुनी गाडी मात्र घरासमोरच्या उंच ओट्याशेजारी कोरडी ठणठणीत उभी होती. भाद्रपदाची पौर्णिमा आली. मी बाबांना म्हटलं, यंदा टॅक्सी करू. ते म्हणाले, "घरात गाडी असताना?" मी म्हटलं, मग मी येते. ते म्हणाले, "ये की. मागे बस."

मी रजा टाकली. निदान मी बरोबर असेन, असं मला वाटलं. असून काय करणार होते, ते ठाऊक नाही. आईबाप गाडीत असताना आपण घरी बसण्यापेक्षा गाडीतली भीती बरी, एवढाच माझा हिशेब.

डभोईपर्यंत सगळं ठीक. बाबा गियर नीट टाकत होते, मी प्रत्येक वेळी त्यांच्या डाव्या पायाकडे मान वाकडी करून बघत होते. मला त्या डाव्या पायाचीच काळजी होती. तो विसरला असेल, असंच माझ्या डोक्यात. तो काही विसरला नव्हता. डभोई सुटलं, रस्ता अरुंद झाला, पावसाने कडा खचल्या होत्या आणि दोन्हीकडे गवत कमरेएवढं वाढलं होतं. हवेत उकाडा होता, म्हणून काचा बंद आणि एसी चालू. पुढे हिरव्या चाऱ्याने भरलेली एक ट्रॉली. चारा इतका रुंद लादलेला की दोन्हीकडून लोंबत होता आणि पुढचा ट्रॅक्टर दिसतच नव्हता. बाबा तिच्या मागे थोडा वेळ राहिले. मग त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं.

त्यांनी एसी बंद केला नाही. तिसरा टाकला नाही. हॉर्न नाही, "हं" नाही. नुसता उजवा पाय दाबला, नव्या गाडीत दाबायचे तसा.

समोर रस्ता मोकळा होता. आम्ही ट्रॉलीच्या बाजूला आलो आणि तिथेच राहिलो. इंजिन घुं घुं करत होतं, चौथ्यातच, आणि गाडी पुढे सरकत नव्हती. बाबांनी पाय आणखी दाबला असावा, कारण त्यांचा खांदा पुढे झुकला. तेवढ्यात समोरच्या वळणावरून एसटी बस बाहेर आली.

मला आजही सगळं तुकड्यातुकड्यांनी दिसतं. डावीकडे खिडकीला घासणारा हिरवा चारा. समोर बसचं तोंड, वरच्या पाटीवरची अक्षरं वाचता येतील इतकं जवळ येणारं, आणि तिच्या हॉर्नचा न थांबणारा आवाज. माझ्या गुडघ्यांवर गार हवा येत होती. गार हवा का येते आहे, हे माझ्या लक्षात आलं. आई "नर्मदे हर" म्हणत नव्हती. डोळे उघडे होते तिचे. आमच्या आईने आयुष्यात गाडीतल्या एकाही बटणाला हात लावला नव्हता, रेडिओच्यासुद्धा नाही. तिने हात पुढे केला आणि एसी बंद केला.

मी किंचाळले, "बाबा, तिसरा!"

त्यांनी तिसरा टाकला. गाडी खाकरली आणि पुढे सरकली. पण त्याने आम्ही वाचलो नाही. वाचलो ते ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर खाली गवतात घातला म्हणून, आणि बसच्या ड्रायव्हरने बस दुसऱ्या बाजूच्या कडेवरून अर्धी खाली उतरवली म्हणून. त्या दोघांनी आम्हाला मध्ये गाडीपुरती वाट करून दिली. बाबा त्या वाटेतून निघाले. बसचा आरसा आमच्या आरशाला लागून गेला आणि आमचा आरसा दाराशी लटकला. बस थांबली नाही. तिच्या खिडक्यांतून माणसं मागे वळून आमच्याकडे बघत होती, हे मात्र मला दिसलं.

पुढे एका निलगिरीच्या झाडाखाली बाबांनी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. ट्रॅक्टरवाला गवतातून ट्रॅक्टर वर घेऊन आमच्यामागे येऊन थांबला, उतरला, आणि तरातरा चालत आला. "काका, आम मरवा नीकळ्या छो?" असे मरायला निघालात का, असं म्हणतच आला. मग त्याने खिडकीतून आत बघितलं, बाबांचे पांढरे केस, आईचा घट्ट मिटलेला हात, आणि त्याचा आवाज उतरला. त्याने स्वतःची पाण्याची बाटली आत दिली. "पाणी पीवो, काका." बाबांनी बाटली घेतली, पण पाणी तोंडात जाण्याआधीच सदऱ्यावर सांडलं. मग तो माणूस मागे वळून मला म्हणाला, "बेन, तमने गाडी चलावतां आवडे छे?" गाडी चालवता येते का, एवढंच त्याने विचारलं. मला बाबांनीच शिकवली होती, याच गाडीवर. मी मान हलवली. तो बाबांना नमस्कार करून ट्रॅक्टर घेऊन पुढे गेला.

"मला वाटलं जाईल," बाबा म्हणाले. "पाय दाबला. मला वाटलं, आता जाईल."

मी काही तरी फार वाईट बोलणार होते. जिभेवर आलं होतं. तुम्ही तिला मारलं असतं, असं काहीतरी. पण आई आधी बोलली. तिने दार उघडलं, खाली उतरली, मागचं दार उघडून मला म्हणाली, "तू पुढे हो. अहो, किल्ली तिला द्या."

बाबा म्हणाले, "अगं, मी स्वतः..."

"नवस माझ्यासाठी होता ना? मग मी सांगते. पूनम भरायची असेल तर ही नेईल. नसेल तर मी इथून बसने घरी जाते. तुमच्या शेजारी मी आता बसायची नाही."

ती रागावली नव्हती. तिच्या आवाजात राग असता तर बाबांनी वाद घातला असता. पन्नास वर्षं हा माणूस नेईल तिथे डोळे मिटून गेलेली बाई आज डोळे उघडे ठेवून बोलत होती, आणि तिला घाम फुटलेला होता. बाबांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. उतरले, गाडीला धरून मागे गेले, आणि मागच्या सीटवर आईशेजारी बसले. मागे बसायला त्यांना जमेना, गुडघे कुठे घालावेत ते कळेना. इतक्या वर्षांत त्या सीटवर ते कधी बसलेच नव्हते.

मी गाडी काढली. क्लच दोनदा सुटला आणि गाडी बंद पडली. बाबा काही म्हणाले नाहीत. एरवी म्हणाले असते. मी चांदोदच्या दिशेने निघाले आणि थोड्याच वेळात तीच ट्रॉली पुन्हा आमच्या पुढे आली, तोच चारा लोंबत होता. आता वळण नव्हतं. रस्ता सरळ होता, दूरवर एकही गाडी नव्हती. ट्रॅक्टरवाल्याने आम्हाला ओळखलं असावं. त्याने ट्रॅक्टर डावीकडे घेतला, चाऱ्याच्या बाजूने हात बाहेर काढला आणि पुढे जा, पुढे जा अशी खूण केली. मी तिसरा टाकायला हात गियरवर नेला.

मागून बाबांचा आवाज आला. "नको, बेटा. मागेच राहा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ट्रॅक्टरवाला पुन्हा हात हलवत होता. मी म्हटलं, "बाबा, रस्ता मोकळा आहे. तो स्वतः जा म्हणतोय."

"असू दे. मागेच राहा तू."

त्यांनी माझ्या सीटची पाठ धरली होती. दोन्ही हातांनी धरली होती, त्यांची बोटं माझ्या पाठीला लागत होती. हेच तर मला हवं होतं. कितीतरी पौर्णिमा मी फोन समोर ठेवून हेच मागत होते, की यांना एकदा भीती वाटू दे. आता ती त्यांना वाटत होती, आणि मला ऐकवत नव्हती. बससमोर असताना मी घाबरले होते, पण तेव्हा स्टिअरिंगवर माझे बाबा होते. आता मागे एक म्हातारा माणूस बसला होता आणि माझ्यावर भरवसा ठेवून घाबरत होता. मी हात गियरवरून काढला. ट्रॅक्टरवाल्याने थोडा वेळ वाट बघितली, मग हात आत घेतला. चाऱ्याची धूळ आणि काड्या आमच्या काचेवर येत राहिल्या, आणि चांदोद येईपर्यंत बाबांनी माझी सीट सोडली नाही.